अम्मिणीचं पाणी

९ मार्च, रविवार

आज समुद्र चौथ्या मजल्यावर चढवला.

लिफ्टमध्ये 'फक्त आठ माणसे' अशी पाटी आहे. समुद्राविषयी ती काही बोलत नाही, त्यामुळे वॉचमनला हरकत घेता आली नाही. आधी काचेची टाकी, मग सासऱ्यांच्या वैपीनच्या घरातल्या जुन्या पाण्याचे कॅन, मग ओल्या दगडांचे क्रेट आणि सर्वांत शेवटी जोप्पन, थर्माकोलचा डबा छातीशी धरून. एर्नाकुलममधल्या मासे पाळणाऱ्या घरांचा भटजी, वैद्य आणि हमाल, तिन्ही हाच. डब्यात अम्मिणी होती.

अम्मिणी म्हणजे समुद्रफूल. नावाला फूल, जातीने प्राणी. बशीएवढी, फिकट तपकिरी, शंभरेक बोटांची, बोटांची टोकं जांभळी. तिचं इंग्रजी नाव जिभेवर बसेना म्हणून सासऱ्यांनी अठरा वर्षांपूर्वी हे बारसं केलं. इकडे घरटी एक अम्मिणी मावशी असतेच, तशी ही. तिच्या बोटांत राहणारे दोन नारिंगी-पांढरे विदूषक मासे, एक लाल पट्ट्याची कोळंबी आणि काचेवरचं शेवाळ खाणारे काही शंख, एवढा परिवार.

महिन्यापूर्वी अच्छनना अर्धांगाचा झटका आला. (लग्नाला बावीस वर्षं झाली, सासऱ्यांना मीही बायकोसारखं, जलजासारखं, अच्छन म्हणजे बाबाच म्हणतो.) उजवी बाजू गेली, वाचा गेली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डाव्या हाताची बोटं वर करून हलवली, मिटली, पुन्हा उघडली. नर्सला वाटलं पाणी हवंय. जलजाला वाटलं निरोप घेतायत, ती रडायलाच लागली. मला मात्र कळलं. मी म्हणालो, "अम्मिणी ना? मी बघतो." त्यांनी डोळे मिटले, आणि पहिल्यांदा स्वस्थ झोपले.

आता ते एकटे राहू शकणार नाहीत. इस्पितळातून थेट आमच्याकडे येतील. त्याआधी अम्मिणी आली. अगदी सहज उच्चारलेल्या 'मी बघतो' या दोन शब्दांनी मला किती घट्ट बांधलंय, ते आज टाकी भरताना लक्षात आलं.

जोप्पन मला 'सारे' म्हणतो, म्हणजे 'सर'. जाताना म्हणाला, "सारे, रोज थोडं पाणी उडणार. उन्हाळा आहे, पंखा आहे. पण मीठ उडत नाही, हे ध्यानात ठेवा. जेवढं उडेल तेवढं गोडं पाणी घालायचं, फिल्टरचं. आणि साबण! साबणाचा एक थेंब आत गेला तर शेवटच्या प्रार्थनेला पाद्री मीच घेऊन येईन."

"आणखी काही?"

"घाबरत राहा. न घाबरणाऱ्यांच्या टाक्या मी रोज रिकाम्या करतो."

११ मार्च

पाणी दुधाळ. जोप्पनने दिलेल्या नळीत थेंब टाकले तर रंग पिवळ्याचा हिरवा झाला. म्हणजे अमोनिया. स्थलांतरात वाळू ढवळली गेली, वाळूतले जे सूक्ष्म जीव घाण खाऊन पाणी राखतात ते निम्मे मेले, आता घाण आहे आणि खाणारे नाहीत. नगरपालिकेची गोष्ट ऐकल्यासारखी वाटली.

पुण्याच्या दैनिकाला मिरीच्या भावाची बातमी धाडायची होती. ती चारदा लिहिली. दर वाक्यानंतर उठून टाकी बघत होतो.

जलजा ऑफिसातून आल्या आल्या विचारते, "कशी आहे?" मी म्हणतो, "छान." ती म्हणते, "तुम्ही 'छान' म्हणालात की मला भीती वाटते, चेट्टा." (चेट्टा म्हणजे दादा, इकडे नवऱ्यालाही तसंच म्हणतात.)

ही वही मराठीत आहे म्हणून या घरात सुरक्षित आहे. इथे लिहितो: छान नाही.

१२ मार्च

जोप्पनने सांगितल्याप्रमाणे थोडं पाणी बदललं, मिठाचं नवं पाणी कालवून घातलं. रंग किंचित फिका.

पण दुपारी हृदय थांबायचं राहिलं. गोड्या पाण्याची बादली उचलली तर लिंबाचा वास. कामवाल्या बाईंनी ती फरशीच्या साबणाने विसळली होती! नशीब, वास आला. बादली गॅलरीत हद्दपार केली.

मग आईची घागर आठवली. लग्नात आईने वाईहून आणलेली, तांब्याची. आमचं पिण्याचं पाणी तिच्यातच असतं, आणि अच्छन आले की तेही तिच्यातलंच मागतात. साबणाचं तोंड तिने कधी पाहिलेलं नाही, ती फक्त चिंचेने घासायची. पाठशाळेत आमचे गुरुजी ताम्रपात्राखेरीज दुसऱ्या भांड्यातलं पाणी पीत नसत आणि ब्याण्णव वर्षं जगले. आजपासून अम्मिणीचं पाणी फिल्टरमधून घागरीत, रात्रभर तिथे, आणि सकाळी टाकीत. यापेक्षा शुद्ध काय असणार?

१६ मार्च, रविवार

दोन चांगल्या गोष्टी. एक, नळीतला रंग पिवळा झाला. अमोनिया गेला! अम्मिणी पूर्ण फुलली. दोघे विदूषक तिच्या बोटांत अंग घुसळतात. (आमच्या नाटकांतले विदूषक लाडवांवर जगायचे. हे दोघे गोठवलेल्या कोळंबीच्या तुकड्यांवर जगतात, आणि ते तुकडे सोलतो वाईचा ब्राह्मण. आई असती तर घागर परत घेऊन गेली असती.)

दुसरी, अच्छन बोलले.

सकाळी इस्पितळात गेलो. जलजा वैपीनचं घर आवरायला गेली होती. सिस्टर लिसी त्यांचा हात हलवून घेत होती. मी त्यांना सगळं सांगितलं, साबणाची गोष्टसुद्धा. "पण घाबरू नका, अच्छन. बादलीच काढून टाकली. आता आईच्या घागरीतलं पाणी देतो. रात्रभर ताम्रपात्रात ठेवलेलं."

त्यांचे डोळे मोठे झाले. तोंडाची डावी बाजू ताणली गेली, ओठ थरथरले. "चें..." मग पुन्हा, सगळा जीव एकवटून, "चेंबु."

"अय्यो, अप्पूप्पन बोलले!" आजोबा बोलले म्हणून सिस्टर लिसीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही हसले. अच्छन मात्र हसले नाहीत. डाव्या हाताने गादीवर मारत राहिले, "चेंबु! चेंबु!"

चेंबु म्हणजे काय, हे मला बावीस वर्षांच्या जेवणावळींवरून ठाऊक आहे. देवळात पायसम ज्यात शिजतं ती अवाढव्य हंडी, दोन माणसांनी उचलायची. त्यांना वाटलं असणार, मी हंडीभर पाणी एकदम ओततो. मी समजूत काढली, "छे, छे. चेंबु नाही. छोटी घागर, तीही हळूहळू."

त्यावर त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, तशी मी पाठशाळेत 'राम' शब्द चुकीचा चालवला होता तेव्हा गुरुजींनी टाकली होती.

१७ मार्च

काल रात्री जलजा परतल्यावर जेवताना तिला सांगितलं. ती तर उडालीच. "बोलले? काय म्हणाले?"

"चेंबु."

"चेंबु की चेऽऽम्बु?"

"तेच."

"तेच म्हणजे कुठलं? आखूड की लांब?"

"माझ्या कानाला दोन्ही सारखीच."

"बावीस वर्षं झाली, चेट्टा!"

"आमच्या लिपीत आखूड 'ए' नाही, त्याला मी काय करू? पाणिनीकडे तक्रार कर."

"आखूड म्हणजे भांडं, आणि लांब म्हणजे अळकुड्या." ती ताटातला भात कालवायला लागली. "आजारी माणूस भांडं कशाला मागेल? खायलाच मागितलं असणार. अम्मा करायची ना, नारळ-मिरची घालून... तीच आठवण झाली असेल." तिचे डोळे भरून आले. हंडीचा माझा सिद्धान्त मी गिळला. इकडचे संस्कृत शब्द मला त्यांच्यापेक्षा चांगले येतात. साधे शब्द मात्र मला परके ते परकेच.

१८ मार्च

जलजा पहाटे उठून अळकुड्या उकडून, घोटून डबा घेऊन गेली. अच्छननी पहिला चमचा पाहिला आणि हाताने उडवला. चादर, जलजाची साडी, सिस्टर लिसीचा चष्मा, सगळीकडे अळकुडी. मग ते रडले. आवाज न करता, एका डोळ्याने.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. एक म्हणायचं असतं, तोंडातून दुसराच शब्द येतो. कधी शब्द परततात, कधी नाही. आणि त्यांना कसलाही धक्का बसू देऊ नका.

घरी येताना बसमध्ये जलजा म्हणाली, "शब्दच चुकत असतील तर आतमध्ये अच्छन कितीसे उरलेत?"

मी तिचा डबा धरून बसलो.

२१ मार्च

सकाळी कोळंबी उताणी. आधी वाटलं कात टाकली असेल, ती टाकते तशी. चिमट्याने उचलली तर जड होती.

दोन शंख काचेवरून गळून वाळूत पडलेत.

जलजाला सांगितलं नाही. कोळंबी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले ते अच्छनसाठी. पण अच्छनना कळणार ते जलजाच्या चेहऱ्यावरून. तिचा चेहरा कधी खोटं बोलत नाही, एवढा एकच दोष आहे तिच्यात.

या टाकीत काहीतरी आहे. मला दिसत नाही, नळीला दिसत नाही.

२३ मार्च

जोप्पन येऊन गेला. सगळ्या नळ्या काढल्या, थेंब टाकले, उजेडात धरून बघितलं. "सारे, पाणी माझ्या लग्नाच्या सदऱ्यासारखं स्वच्छ आहे. मासे बघा, ठणठणीत."

"मग बाकीचे का मरतायत?"

"कोळंबीचं वय झालं असेल."

"आणि शंखांचं? सगळ्यांचं एकाच आठवड्यात?"

त्याने डोकं खाजवलं. "गोडं पाणी कसलं घालता?"

"फिल्टरचं. वर शुद्ध करून."

"मग काय! चालू ठेवा. तुमच्यासारखी काळजी घेणारी माणसं कमी."

या वाक्याने एरवी मी फुशारलो असतो. आज अंगावर काटा आला. ठरवलं, काळजी अजून वाढवायची. घागरीत पाणी आता दोन दिवस ठेवीन.

२६ मार्च

अम्मिणी आक्रसली आहे. बशीची वाटी झाली. बोटं आत, तोंड अर्धवट उघडं, कडेला पांढुरकं काही लोंबतंय. मोठा विदूषक तिला नाकाने ढोसून पाहतो, ती हलत नाही, तो मागे सरतो. पुन्हा ढोसतो.

इस्पितळात अच्छननी बोटांनी फुलाची खूण केली: कशी आहे? मी फोनवर फोटो दाखवला. फुललेल्या अम्मिणीचा. त्यांनी फोटो बराच वेळ निरखला. मग बोट ठेवलं. अम्मिणीवर नव्हे, फोटोच्या कोपऱ्यावर. कोपऱ्यात त्यांच्या वैपीनच्या घरातली निळी भिंत होती.

गेल्या ओणमचा फोटो तो.

ते बोलू शकत नाहीत, ही आजवर शोकाची गोष्ट होती. आज तिचा आधार वाटला, याची लाज वाटते.

२८ मार्च

अम्मिणी सकाळी जागेवर नव्हती. सरकत सरकत मागच्या दगडाच्या फटीत शिरली आहे. मरायला जागा शोधतात तशी, किंवा माझ्यापासून लपायला. हात घालून दगड जरा हलवला. उन्हाळ्यात पित्त खवळू नये म्हणून घातलेली तांब्याची अंगठी दगडाला घासून चकचकीत झाली. त्या अख्ख्या टाकीत आज चमकणारी तेवढी एकच गोष्ट.

३० मार्च, रविवार

अच्छननी आज माझा हात धरला. मला वाटलं, माया. मग त्यांची बोटं माझ्या अंगठीशी खेळायला लागली. खेचायला लागली. "चेंबु," ते म्हणाले. "चेंबु. चेंबु. चे..."

"हो, अच्छन. जलजाने केल्या होत्या ना अळकुड्या."

त्यांनी हात सोडला, उशीवर मान टाकली आणि भिंतीकडे वळले. निघताना मी नमस्कार केला तरी वळले नाहीत.

अंगठी का खेचत होते? जलजा म्हणाली, लग्नाची अंगठी समजून असेल. 'माझ्या मुलीला सांभाळ' असं सांगत असतील. जाणारी माणसं असंच सांगतात. मला आता दोन्ही मरणांची भीती वाटते, आणि ती दोन वेगळी आहेत असं वाटत नाही.

१ एप्रिल

घाईने लिहितोय, अक्षर वाचता आलं तर नशीब.

सकाळी एका देवळाचं पत्रक समोर घेऊन बातमी करत होतो. छोटंसं देऊळ, गाभाऱ्याचं छप्पर नव्याने करणार आहेत. मल्याळम पत्रकात लिहिलं होतं, छप्पर 'चेंबु'चं होणार, भक्तांनी चेंबु अर्पण करावा. मी टंकलं: 'गाभाऱ्यावर हंड्या बसवणार'. मग मलाच शंका आली. जलजा डबा भरत होती. तिला विचारलं, "देवळाच्या छपरावर हंड्या कशाला?"

"कसल्या हंड्या?"

"चेंबु."

ती इतकी हसली की झाकण पडलं. "अहो महापंडित! चेंबु म्हणजे तुमचं ताम्रम्! तांब्याचे पत्रे बसवणार."

"मग पायसमची हंडी?"

"तीही चेंबुच. पूर्वी हंड्या तांब्याच्या असायच्या म्हणून. आता अॅल्युमिनियमच्या आल्या तरी नाव तेच. तुमच्यात नाही का असं?"

आमच्यात. आमच्यात तांब्या! स्टीलचा असला तरी तांब्या. मी लहानपणापासून तो शब्द रोज वापरतो आणि...

मी उठून उभा राहिलो. समोर ओट्यावर आईची घागर, तोंडापर्यंत भरलेली. बोटात अंगठी. "आखूड होतं," मी म्हणालो. "अच्छनचं चेंबु आखूड होतं. ते अळकुड्या मागत नव्हते."

जलजाचं हसू कुठल्या कुठे गेलं.

जोप्पनला फोन लावला. "जोप्पन, तांब्याने अम्मिणीला काय होतं?"

"सारे, आज पहिली एप्रिल. मी फसणार नाही."

"जोप्पन!"

आवाजावरून त्याला कळलं. मी घागरीबद्दल सांगितलं. पलीकडे एवढी शांतता की त्याच्या दुकानातला हवेचा पंप ऐकू आला. "येशुवे," तो म्हणाला. "माशांच्या अंगावर पांढरे डाग आले की आम्हीच तांबं औषध म्हणून घालतो, थेंब मोजून. पण आधी कोळंबी, शंख, समुद्रफूल बाहेर काढायचे. त्यांना ते विषच! मासे ठणठणीत आणि बाकीचे मरतायत, हे ऐकूनच मला कळायला हवं होतं. साबण नको सांगितलं, लोखंड नको सांगितलं असतं. पण समुद्रात कोणी घागर रिकामी करेल, हे माझ्या बापजन्मी... आणि तेही रोज?"

"रोज. शेवटी तर दोन दोन दिवस मुरवून."

"आणि पाणी उडालं तरी तांबं उडत नाही, सारे. मिठासारखंच. साठत गेलं असणार. काही घालू नका, हात लावू नका. मी येतो."

तासाभरात आला. तांब्याची वेगळी नळी होती त्याच्याकडे. टाकीचं पाणी घातलं, थेंब टाकले. रंग निळा आला, सुंदर निळा. इतका सुंदर रंग मला आजवर कधी नकोसा झाला नव्हता.

मिठाचं नवं पाणी पिंपात कालवलं, जुनं काढलं, कोळशाची थैली टाकली, तांबं शोषणारी एक गादी टाकली. जोप्पन म्हणाला, दगडांतही मुरलं असेल, हळूहळू सुटेल, पुन्हा पुन्हा पाणी बदलावं लागेल. "वाचेल का?" विचारलं तर म्हणाला, "तुम्ही देवनागरीवाले देवाला जवळचे. तुम्हीच विचारा."

तो गेल्यावर जलजाला सगळं सांगितलं. कोळंबी, शंख, फोटो. ती म्हणाली, "कोळंबीचं मला माहीत होतं."

"कसं?"

"कढीपत्ता तोडायला गेले तर मिशा वर आल्या होत्या. मला वाटलं, तुम्हाला सांगायचं नाहीये, मग मी कशाला विचारू? आधीच तुमचं जेवण कमी झालंय."

म्हणजे दहा-बारा दिवस आम्ही एकमेकांपासून एकच भीती लपवत होतो, आणि आमटीत एकाच कुंडीतला कढीपत्ता.

२ एप्रिल

रजा टाकून जलजाही आली. मी खुर्ची ओढून अच्छनसमोर बसलो. ते अजून भिंतीकडेच बघत होते. मी डावा हात पुढे केला. अंगठीचं बोट रिकामं, नुसता हिरवट वळ.

"अच्छन, चेंबु काढला. घागर आता माळ्यावर आहे."

ते हळूहळू वळले. आधी माझं बोट बघितलं, मग मला. जलजा हुंदके देत म्हणाली, "अच्छन, तुमचा शब्द बरोबर होता हो. आमचंच ऐकणं चुकलं."

त्यांनी छातीतून जो श्वास सोडला, तो दोन आठवडे अडकलेला असावा. मग बोटांनी फुलाची खूण.

या वेळी फोटो दाखवला नाही. "जिवंत आहे. पण फार आजारी आहे. दगडामागे गेली आहे. पुढचं मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. खरं ऐकल्यावर माणसं हलवतात तशी. धक्का बसला नाही. डॉक्टरांना सांगायला हवं, धक्का खोट्याने बसत होता.

७ एप्रिल

तिसऱ्यांदा पाणी बदललं. नळीतला निळा पुसट. अम्मिणी फटीतच. बॅटरी मारून बघतो. एक गोळा दिसतो, त्याला तोंड आहे की नाही, कळत नाही. रोज वास घेतो. मेली की आधी वास येईल आणि मग ती अख्खी टाकी घेऊन जाईल, असं जोप्पनने सांगून ठेवलंय. मी आयुष्यात देव्हाऱ्यासमोर इतका नियमाने उभा राहिलेलो नाही.

विदूषक पंपाच्या नळीत झोपतात. बेघर झाल्यासारखे.

१२ एप्रिल

अच्छन घरी आले. व्हीलचेअर लिफ्टमधून आली, 'आठ माणसे'च्या पाटीला या वेळीही काही म्हणता आलं नाही.

वाटलं होतं, आल्या आल्या टाकीकडे न्यायला सांगतील. नाही. जलजाने दिवाणखान्याच्या दाराशी खुर्ची थांबवली तर त्यांनी हाताने पुढे चल म्हणून खुणावलं. आपल्या खोलीत, थेट. दुपारचं जेवण तिथेच, चहाही तिथेच.

घाबरणारा या घरात मी एकटा नाही.

काल फटीबाहेर एक जांभळं टोक दिसलं होतं. आज नाही. हे कुणाला सांगितलं नाही. एवढं खोटं चालेल.

१४ एप्रिल, विषू

काल जलजाने कणीची मांडणी दिवाणखान्यात केली: उरुळीत, म्हणजे पसरट भांड्यात, तांदूळ, पिवळी काकडी, आरसा, कोन्नाची म्हणजे बहाव्याची फुलं, कोरं वस्त्र, नाणी. नव्या वर्षाचं पहिलं दर्शन तिचं व्हायचं, तोपर्यंत डोळे मिटलेले. तिने उरुळी टाकीशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि मी ओरडलो. "उरुळी कसली आहे?"

"काशाची."

"काशात काय असतं?"

ती हसत सुटली. "कबूल, चेट्टा. चेंबु असतो." उरुळी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली.

पहाटे तिने अच्छनचे डोळे हातांनी झाकले, मी खुर्ची ढकलली. कणीसमोर हात काढले. त्यांनी उरुळीकडे बघितलं, आरशात स्वतःच्या वाकड्या तोंडाकडे बघितलं, कोन्नाच्या फुलांकडे. मग डाव्या हाताने चाक धरलं आणि खुर्ची स्वतःच वळवायला लागले. आम्ही कोणी मदत केली नाही. एका हाताने चाक फिरवलं की खुर्ची गोल फिरते. फिरली, थांबली, पुन्हा फिरली, आणि टाकीसमोर आली.

मी दिवा लावला.

आधी काहीच नाही. दगड, वाळू, पंपाचा बुडबुडा. मग दगडाच्या वरच्या कडेला, फटीच्या बाहेर, अम्मिणी. वाटीहून लहान, रंग उडालेली, चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखी. पण वर आली होती. उजेड पडल्यावर एक बोट निघालं, मग चार-पाच. मोठा विदूषक पंपाच्या नळीतून निघाला, तिच्याजवळ गेला, मागे सरला, पुन्हा गेला, आणि त्या चार-पाच बोटांत त्याने आपलं नाक घुसवलं. अंग मावेना. नाकच.

जलजाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय.

अच्छन बघत राहिले. मग दोन बोटं डोक्याशी नेऊन हलवली, मिशांसारखी. कोळंबी कुठे?

"गेली," मी म्हणालो. "शंखही गेले. माझ्यामुळे."

त्यांनी ते ऐकलं. टाकीकडे बघत असतानाच डावा हात मागे केला. जलजाला कळलं, तिने उरुळीतली नाणी ताटात काढून समोर धरली. विषूला घरातला वडीलधारा धाकट्यांच्या हातावर नाणं ठेवतो. तिला चकचकीत नवं नाणं मिळालं. माझ्यासाठी ते ताटात बराच वेळ चाचपत राहिले, नवी नाणी बाजूला सारत. शेवटी एक जुनं निघालं, कोची राजाच्या वेळचं, गुळगुळीत, तपकिरी. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, माझी मूठ मिटवली, आणि ती मूठ धरून माझा हात टाकीपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा नेला.

मग तोंडाच्या चालणाऱ्या अर्ध्या बाजूने हसले.

"चेंबु," ते म्हणाले.

आखूड होता. मला ऐकू आला.